एनर्जी ऑडिटवाले कंप्रेसर रूममध्ये किती वेळ थांबले, ते बघा

आमची कंपनी गाड्यांसाठी ॲल्युमिनियमचे सुटे भाग बनवते. ओतकाम, मशिनिंग आणि पेंट एकाच आवारात, चाकणला. मी इथे युटिलिटी बघते, म्हणजे वीज, गॅस, मशीनना लागणारी दाबाखालची हवा, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), डीजी (डिझेल जनरेटर), पाणी: लाइनला जे जे लागतं पण लाइनवर दिसत नाही ते सगळं. कार्बन उत्सर्जन कमी करायचं म्हणून आम्ही एका एनर्जी ऑडिट संस्थेची सेवा घेतली. आजूबाजूच्या कारखान्यांतले ओळखीचे लोक विचारतात, कसा अनुभव आला, घ्यावी का. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा सविस्तर लिहिते. संस्थेचं नाव देत नाही, कारण उणिवाही लिहिणार आहे, आणि यातलं बरंचसं अशा कुठल्याही सेवेला लागू पडेल.

माझं मत आधीच सांगते. सेवा घ्यावी. पैसे वसूल होतात आणि उत्सर्जन खरोखर खाली येतं. पण वर्क ऑर्डर काढताना कामाची व्याप्ती नीट लिहून घ्यावी, नाहीतर हातात जाडजूड अहवाल पडतो आणि मीटर होता तसाच फिरत राहतो.

थोडी पार्श्वभूमी. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा) अहवाल सक्तीचा केला. त्यात उत्सर्जनाचे आकडे द्यावे लागतात. त्यामुळे बाजारात उत्सर्जन मोजून देणाऱ्या सेवा भरपूर आल्या. त्या विजेची, गॅसची, डिझेलची बिलं मागवतात, प्रत्येकाला ठरलेल्या गुणकाने गुणतात आणि बेरीज करून देतात. ते काम हवंच, पण त्याने एक किलोसुद्धा कमी होत नाही. आमच्या मुख्य कार्यालयाने तसा अहवाल आधी करून घेतला होता. त्यात शेवटी झाडं लावण्याची आणि कार्बन क्रेडिट विकत घेण्याची शिफारस होती. आमच्या प्लांटमधल्या एकाही मोटरचा, एकाही भट्टीचा उल्लेख नव्हता. म्हणून मी आग्रह धरला की पुढची ऑर्डर कमी करून देणाऱ्यांना जाऊ दे.

आलेल्या टीमचा प्रमुख ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचा मान्यताप्राप्त ऑडिटर होता. ही पहिली गोष्ट तपासा. दुसरी गोष्ट, आल्या आल्या त्यांनी काय मागितलं ते बघा. यांनी सिंगल लाइन डायग्राम (प्लांटच्या वीजजोडणीचा नकाशा), वर्षभराची एचटी म्हणजे उच्चदाब विजेची बिलं आणि एसी-चिलरमध्ये भरलेल्या गॅसचं रजिस्टर मागितलं. हे शेवटचं मागणारे मी पहिल्यांदाच बघितले. आर-४१०ए हा नेहमीचा एसीचा गॅस. त्याचा एक किलो हवेत गेला तर सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो. म्हणजे दहा किलोचं टॉप-अप म्हणजे वीस टन. परचेसच्या दृष्टीने तो किरकोळ खर्चाचा आयटम असतो, आणि त्यामुळेच कोणी विचारत नाही की गॅस दरवर्षी भरावा लागतोय म्हणजे तो जातोय कुठे. त्यांनी विचारलं. तीन एसींचे फ्लेअर जॉइंट (नटाने आवळलेले पाइपचे जोड) गळत होते, ते ब्रेझिंग करून म्हणजे धातू वितळवून पक्के जोडून घेतले.

विजेचं गणित सगळ्यांना माहीत असायला हवं, म्हणून इथे लिहिते. देशाच्या ग्रिडमधून येणाऱ्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे लाख युनिटला ७० टन. डिझेलच्या लिटरमागे २.७ किलोच्या आसपास, पाइपने येणाऱ्या गॅसच्या घनमीटरमागे सुमारे दोन किलो. एवढे तीन आकडे हाताशी असले की सल्लागार काय बोलतोय ते जागेवर पडताळता येतं.

आता कंप्रेसर रूम, म्हणजे हवा दाबून लाइनला पाठवणारी यंत्रं असतात ती खोली. या ऑडिटचं सोनं इथे होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्यांनी साप्ताहिक सुट्टीचा दिवस मागून घेतला. सगळ्या लाइन बंद, हवा वापरणारं कोणी नाही. एकच कंप्रेसर चालू ठेवला आणि स्टॉपवॉच घेऊन बसले. कंप्रेसर लोड घेतो म्हणजे हवा भरतो, प्रेशर भरलं की अनलोड होतो म्हणजे नुसता फिरतो, गळतीने प्रेशर उतरलं की पुन्हा लोड घेतो. समजा तीन मिनिटं लोड आणि सात मिनिटं अनलोड, तर त्या कंप्रेसरच्या क्षमतेची ३० टक्के हवा नुसती गळतेय. याला कुठलंही महागडं उपकरण लागत नाही. आमच्याकडे लोडचा वेळ अनलोडपेक्षा जास्त निघाला. बंद कारखान्यात एक मोठा कंप्रेसर अर्ध्याहून जास्त वेळ फक्त भोकांसाठी राबत होता. प्लांट हेड त्या दिवशी मुद्दाम आले होते. ते स्वतः घड्याळ धरून उभे राहिले, आणि त्यानंतर मला बजेटसाठी कोणाला पटवून सांगावं लागलं नाही.

मग गळती शोधणं. अल्ट्रासॉनिक डिटेक्टर पिस्तुलासारखा हातात धरायचा आणि कानाला हेडफोन. लाइन चालू असतानाच्या गोंगाटातही गळतीचा बारीक आवाज वेगळा ऐकू येतो. भोकं मोठ्या पाइपात फार कमी सापडली. सापडली ती क्विक कपलरमध्ये, एफआरएलच्या (हवा गाळून तिचा दाब ठरवणाऱ्या भागाच्या) बाउलखाली, पीयू म्हणजे प्लास्टिकची ट्यूब तिरकी कापून फिटिंगमध्ये खुपसलेली तिथे, ऑटो ड्रेन व्हॉल्व्ह अडकून उघडा राहिलेला तिथे, आणि जुनं मशीन हलवलं पण त्याला हवा देणारी ड्रॉप लाइन तशीच जिवंत ठेवली तिथे. प्रत्येक जागी लाल टॅग, त्यावर क्रमांक आणि अंदाजे किती हवा जाते ते.

तीन मिलिमीटरचं भोक, सात बारचं प्रेशर: कंप्रेसरवर साधारण तीन किलोवॅटचा भार. आमच्यासारखा तीन शिफ्टचा कारखाना वर्षाला आठ हजार तास चालतो असं धरा. २४ हजार युनिट. जवळपास १७ टन कार्बन. युनिटला आठ रुपये धरले तरी वर्षाला एक लाख नव्वद हजार. दुरुस्तीला लागतं पन्नास-शंभर रुपयांचं फिटिंग आणि दहा मिनिटं. मी हे गणित मराठीत छापून प्रत्येक लाइनच्या बोर्डावर लावलं. त्यानंतर ऑपरेटर स्वतः येऊन सांगायला लागले, "मॅडम, सातव्या स्टेशनला हवा सुटतीय, टॅग नाही लागलेला."

दुसरा मुद्दा प्रेशरचा. कंप्रेसरचं प्रेशर एक बारने उतरवलं की वीज सहा-सात टक्क्यांनी कमी लागते. मग आम्ही एवढ्या वरच्या प्रेशरला का चालवत होतो? कारण मशिनिंगच्या अगदी टोकाच्या एका फिक्श्चरचा (मशिनिंग करताना भाग पकडून ठेवणाऱ्या साधनाचा) क्लॅम्प सुटायचा. तिथपर्यंत जाणारी लाइन बारीक आणि लांब, वाटेत प्रेशर पडायचं, आणि त्या एका जागेसाठी अख्ख्या प्लांटची हवा जास्त दाबाने भरली जात होती. ऑडिटवाल्यांनी लाइनभर गेज लावून नेमकं कुठे प्रेशर पडतं ते दाखवलं. पाइप मोठा केला, फिक्श्चरजवळ एक छोटा रिसिव्हर (हवा साठवायची टाकी) बसवला आणि मुख्य सेटिंग टप्प्याटप्प्याने खाली आणलं. सेटिंग एकदम उतरवू नका. दर टप्प्याला प्रॉडक्शनवाल्यांसोबत एक पूर्ण शिफ्ट उभं राहा, म्हणजे एक रिजेक्शन झालं तरी लगेच "हवा कमी केली म्हणून" असं होणार नाही.

इथे टीमचं मनापासून कौतुक करते, कारण ते रात्री थांबले. पेंट शॉपला एक जुने ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी टीममधल्या तरुण इंजिनिअरला सांगितलं, "साहेब, दिवसा काय दिसणार तुम्हाला? तिसऱ्या शिफ्टला या. जॉब संपलेला असतो आणि बूथ चालूच असतो." तो खरोखर आला. कन्व्हेयर थांबलेला, बूथमध्ये एकही हँगर नाही, आणि सप्लाय-एक्झॉस्टचे दोन्ही मोठे पंखे पूर्ण वेगात. बंद का करत नाहीत, तर पुन्हा सुरू केल्यावर बूथचं तापमान आणि हवेचा तोल जमायला वेळ लागतो आणि पहिले काही जॉब खराब जातात. कारण रास्त होतं. उपाय निघाला व्हीएफडीचा, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाचा: काम नसताना पंखे बंद न करता वेग उतरवायचा. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्के कमी केला की वीज जवळजवळ निम्म्यावर येते. बूथचा तोलही टिकला आणि नानांचा पहिला जॉबही चांगला निघायला लागला. नाना तीस वर्षं पेंटला आहेत. त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं, हे मला फार लागलं. तुमच्याकडेही असा माणूस असणारच. ऑडिटवाल्यांना त्याच्याकडे घेऊन जा.

उष्णतेच्या बाबतीत एक सूचना उत्तम होती. कंप्रेसरला दिलेल्या विजेचा फार मोठा भाग शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतो, आणि स्क्रू कंप्रेसरमध्ये ती तेलात साठलेली असते, ७५ ते ९० अंशांना. दुसरीकडे पेंटच्या आधीच्या धुण्याच्या टाक्या ५५-६० अंशांवर ठेवायला आम्ही गॅस जाळत होतो. मधे एक हीट एक्स्चेंजर आणि पाइप टाकला की एकीकडची फेकायची उष्णता दुसरीकडे उपयोगी पडते. उरलेल्या गरजेसाठी हीट पंप सुचवला होता, जो एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो. तो अजून मंजुरीत आहे. पण एक्स्चेंजर बसल्यापासून टाक्यांचा बर्नर क्वचितच पेटतो.

आता उणिवा. भट्ट्यांच्या प्रकरणात ही टीम कमी पडली. ॲल्युमिनियम वितळवणाऱ्या आणि धरून ठेवणाऱ्या भट्ट्या आमच्या गॅसचा मोठा वाटा खातात, आणि अहवालात त्यावर दोन पानं, तीही कुठल्याही भट्टीला लागू पडतील अशी: इन्सुलेशन सुधारा, झाकण बंद ठेवा, जादा हवा तपासा. फ्ल्यू गॅसचं (भट्टीतून बाहेर पडणाऱ्या धुराचं) मोजमाप एकाच भट्टीचं घेतलं. झाकण उघडं का राहतं, चार्जिंगची पद्धत बदलता येईल का, भंगार आधी सुकवून-तापवून घातलं तर काय होईल, यात कोणी शिरलं नाही. विजेची आणि हवेची माणसं उत्तम होती, ज्वलनाचं माणूस त्यांच्याकडे नव्हतं. आमच्या समूहाच्या एका कारखान्यात बॉयलर आहे, तिथेही हाच अनुभव. स्टीम ट्रॅपची (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) तपासणी वरवर झाली. खरं तर परत येणारं गरम कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) वापरून फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, सहा अंशांनी तापलं तर इंधन एक टक्क्याने वाचतं, हा हिशोब जुना आणि साधा आहे. पुण्यात वाफेच्या कामातली इतकी जाणती माणसं असताना हा भाग त्यांच्याकडेच द्यायला हवा होता.

दुसरी तक्रार डेटाची. त्यांनी बसवलेल्या मीटरांचा सगळा डेटा त्यांच्या पोर्टलवर जात होता, आणि कच्चे आकडे मागितले तेव्हा वर्षाची वर्गणी सांगितली. मीटर आमचे, वीज आमची, आकडे मात्र भाड्याने. बरीच पत्रापत्री करून ते सुटलं. हे करारात आधी लिहून घ्या. अहवाल पूर्ण इंग्रजीत होता, ही गोष्टही मला खटकली. ज्यांनी व्हॉल्व्ह फिरवायचा त्यांना तो वाचता येणार नसेल तर त्याचा काय उपयोग? विनंती केल्यावर त्यांनी प्रत्येक विभागासाठी एक पानाचा मराठी गोषवारा करून दिला, आणि आवर्जून सांगते, तो छान होता.

सोलरबद्दल सगळे विचारतात. या टीमने सोलर अहवालात शेवटी घेतलं, आणि तो क्रम मला पटला. छतावर एक मेगावॉट बसवायला साधारण एक हेक्टर जागा लागते आणि महाराष्ट्रात त्यातून वर्षाला १४-१५ लाख युनिट मिळतात, म्हणजे सुमारे हजार टन कार्बन वाचतो. मोठा आकडा आहे, सोडू नये. पण आधी गळती आणि पंखे आवरले तर तेवढ्याच पॅनलमध्ये गरजेचा मोठा हिस्सा भागतो. आमचं छत सगळं वजन पेलणारं नव्हतं, म्हणून अर्धं छतावर आणि बाकी ग्रुप कॅप्टिव्हमधून, म्हणजे अनेक वापरकर्त्यांच्या भागीदारीतल्या वीज प्रकल्पातून, घ्यायचं ठरलं. त्यात प्रकल्पाचं किमान २६ टक्के भांडवल वापरणाऱ्यांचं हवं आणि तयार होणाऱ्या विजेपैकी किमान ५१ टक्के त्यांनीच वापरायला हवी. अटी कायदेशीर सल्लागाराकडून तपासून घ्या. हे ऑडिटवाल्यांचं काम नाही आणि त्यांनीही ते प्रामाणिकपणे सांगितलं.

सगळ्यात मोठा प्रश्न मात्र या सेवेच्या बाहेरच राहिला. आम्ही विकत घेतो ते ॲल्युमिनियम. एक किलो नवा धातू बनवायला नुसत्या इलेक्ट्रोलिसिसमध्ये साधारण १४ युनिट वीज जाते, आणि आपल्या देशात ती बहुतेक कोळशाची असते. भंगारापासून बनवलेल्या धातूला त्याच्या जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते. म्हणजे कंपाउंडच्या आत आम्ही वर्षभर घाम गाळून जे वाचवू, त्याहून कितीतरी जास्त एका खरेदीच्या निर्णयात दडलेलं आहे. कुठल्या भागाला पुनर्वापराचा धातू चालेल, ग्राहकाचं स्पेसिफिकेशन कुठे बदलून घेता येईल, हे काम डिझाइन, क्वालिटी आणि परचेसने एकत्र बसून करायचं आहे. महिंद्राने २०१६ मध्ये स्वतःच्या व्यवसायात कार्बनला टनामागे १० डॉलर अशी अंतर्गत किंमत लावली. मला ती पद्धत आवडते, कारण मग कोटेशनची तुलना करताना कार्बन हा खर्चाचा एक रकाना होतो आणि परचेसला तो ओलांडून जाता येत नाही. आमच्याकडे हे व्हावं म्हणून मी दर आढावा बैठकीत मांडते आहे.

बचत झाली हे सिद्ध कसं करायचं, यावर संस्थेशी आमचा थोडा वाद झाला. त्यांच्या फीचा एक भाग बचतीवर होता, म्हणून त्यांना एकूण युनिट धरायचे होते. त्या तिमाहीत ऑर्डर कमी होत्या, युनिट आपोआपच उतरले असते. शेवटी तयार मालाच्या टनामागे किती युनिट या हिशोबाने ठरलं. मोजमाप कसं असावं याचा माझ्या मनातला नमुना इन्फोसिसच्या हैदराबाद कॅम्पसमधल्या एका इमारतीचा आहे. त्यांनी एकाच इमारतीच्या एका अर्ध्या भागात नेहमीचं पण चांगल्या दर्जाचं एसी बसवलं आणि दुसऱ्या अर्ध्या भागात रेडियंट कूलिंग, म्हणजे छताच्या काँक्रीटमधून थंड पाणी फिरवायचं. ऊन तेच, माणसं तशीच. रेडियंट बाजूला थंडाव्यासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. अशा तुलनेवर कोणी शंका काढू शकत नाही. आम्ही कारखान्यात दोन सारख्या पेंट बूथपैकी आधी एकालाच व्हीएफडी लावून तेच केलं, आणि वित्त विभागाने दुसऱ्याचा खर्च त्याच आठवड्यात मंजूर केला.

पाठपुराव्याची भेट मूळ फीमध्ये धरलेली आहे का, हे नक्की विचारा. आमच्या ऑर्डरमध्ये एकच भेट होती आणि ती अपुरी आहे. हवेची गळती दुरुस्त केल्यावर संपत नाही. कपलर झिजतात, नवीन ट्यूब येतात, काही महिन्यांत नवी भोकं तयार होतात. आम्ही डिटेक्टर स्वतःच विकत घेतला आणि मेंटेनन्सच्या दोन तरुण मुलांना त्याच टीमकडून शिकवून घेतलं. त्यासाठी त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत, हे मोठ्या मनाचं काम.

एकूण, हवा, पंखे, पंप, चिलर आणि विजेसाठी या सेवेला पाचपैकी साडेचार देईन, भट्टी आणि वाफेसाठी दोनच. भट्ट्यांसाठी आम्ही आता वेगळी चौकशी काढली आहे. त्यात तीन अटी पहिल्याच पानावर आहेत: प्रत्येक भट्टीचं फ्ल्यू गॅस मोजमाप तिन्ही शिफ्टमध्ये, कच्चा डेटा आमच्या सर्व्हरवर, आणि ऑपरेटरसाठी मराठी पान.